आधी मशीन, मग बातमी

माझ्या सासूबाईंना गप्प बसवणं आमच्या गावात अजून कुणाला जमलेलं नाही. सरपंचाला नाही, तलाठ्याला नाही, मला तर नाहीच नाही. माणसांना जे जमलं नाही ते एका आकड्याने काही महिने करून दाखवलं. त्या आकड्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही. आणि तो आकडा हातात घेऊन घरभर फिरणाऱ्या माणसावरचा राग तर त्याहून मोठा आहे. तो माणूस माझा नवरा असल्यामुळे जरा सांभाळून लिहिते.

सासूबाईंचं नाव सोजराबाई. वय साठीच्या पुढे. नेमकं किती ते आधार कार्डावर एक आहे आणि त्यांच्या तोंडी दुसरं. उंच, काटक बाई. जन्मभर लोकांच्या शेतात हळद काढली, त्यामुळे नखांच्या कडा कायमच्या पिवळ्या. आवाज असा की रस्त्यावरून चाललेली एसटी थांबवायची तर त्या हात करत नाहीत, हाक मारतात. आणि बस थांबते, हे मी स्वतः पाहिलंय.

त्या आवाजाला गावात एक काम आहे. आमच्या वस्तीत कुणी गेलं की पहिला निरोप आमच्या घरी येतो. सासूबाई पांढरं लुगडं नेसतात, जाऊन मयताच्या उशाशी बसतात आणि त्रिशरण-पंचशील म्हणायला लागतात. घरात कितीही आकांत चाललेला असो, त्यांचा आवाज लागला की माणसं आपोआप हात जोडतात आणि लेकरंही गप्प होतात. गावातल्या पाटलांच्या घरीसुद्धा कुणी गेलं तर म्हाताऱ्या बाया म्हणतात, सोजराबाईला बसवा जवळ, ती असली की धीर येतो. त्या कधी कुणाला खोटा धीर देत नाहीत. "रड बाई, गेलं ते गेलं," असं तोंडावर सांगतात आणि पाठीवरून हात फिरवत राहतात.

तर अशा बाईला बीपी निघालं.

शाळेत आरोग्य शिबिर होतं. सासूबाई शेतातून थेट तिथे गेल्या. उन्हात रांगेत उभ्या राहिल्या, रांगेत मध्ये घुसणाऱ्या एका माणसाशी कडाकडा भांडल्या, वर कुणीतरी दिलेला काळा चहा प्यायल्या. तोंडात मिश्री होतीच. नंबर लागेल म्हणून लघवीला जायचं तेही दाबून धरलेलं. टेबलावरच्या पोराने लुगड्याच्या पदरावरूनच पट्टा गुंडाळला, हवा भरली आणि म्हणाला, "आजी, एकशे अठ्ठ्याहत्तर, खाली एकशे चार. लय जास्त आहे. टेन्शन घेऊ नका." मग दुसऱ्याच्या दंडाला पट्टा लावायला लागला.

त्या पोराचं ते शेवटचं वाक्य आमच्या घरात कायदा होऊन बसलं.

भीमराज, म्हणजे माझा नवरा, वसमतला मोटार वाइंडिंगचं दुकान चालवतो. शेतकऱ्यांच्या जळालेल्या पाणबुड्या मोटारी त्याच्याकडे येतात आणि तो दिवसभर तांब्याच्या तारा गुंडाळत बसतो. माणूस कामात चोख आहे. पण जगातली प्रत्येक गोष्ट त्याला मोटारीसारखी दिसते. आईचा आकडा ऐकला तसा तो म्हणाला, "व्होल्टेज वाढलंय. व्होल्टेज वाढलं की मी पयले स्टार्टर पाडतो. सप्लायच बंद. न्हाई तर मोटार जळते."

"आता मानसाचा सप्लाय काय असतो रे?" सासूबाईंनी विचारलं.

"बातम्या," भीमराज म्हणाला.

मी हसले. तो हसला नाही. त्या दिवसापासून आमच्या घरातून बातम्या हद्दपार झाल्या. टीव्हीवर बातम्या लागल्या की रिमोट गायब. कुणी आजारी आहे, कुणाची सोयरीक मोडली, कुणाच्या गाडीला अपघात झाला, असलं काही सासूबाईंसमोर बोलायचं नाही. शेजारीपाजारी तो स्वतः जाऊन सांगून आला. लोकांनाही ते पटलं, कारण आपल्याकडे सगळ्यांना हेच ठाऊक असतं. बीपीवाल्याला वाईट सांगू नये. सांगितलं की जागेवर पडतो. त्यामुळे सासूबाई ओट्यावर आल्या की बाया एकदम भाजीचे भाव बोलायला लागायच्या. आमच्या गल्लीत वांग्यांवर इतकी चर्चा त्याआधी कधी झालेली नव्हती.

भीमराजच्या डोक्यात हे कुठून आलं तेही सांगायला पाहिजे, नाहीतर त्याच्यावर अन्याय होईल. तो शाळेत असताना एका सकाळी त्याच्या चुलत्याच्या अपघाताची खबर आली. माझे सासरे अंगणात उभे होते. खबर ऐकली, भिंतीला हात लावला आणि खाली बसले, ते पुन्हा उठलेच नाहीत. तोंड वाकडं झालं, एक बाजू गेली, तिसऱ्या दिवशी संपले. पोराने डोळ्यांनी पाहिलं. बातमी आली आणि बाप पडला. त्याच्या हिशोबात एवढंच आहे, आणि लहानपणी मांडलेला हिशोब सहजासहजी पुसत नाही.

पण हिशोब चुकीचा असला की त्याचा भुर्दंड दुसऱ्यालाच बसतो. मंजुळाबाई गेल्या तेव्हा आम्हाला ते कळलं.

मंजुळाबाई सासूबाईंची जिवाची मैत्रीण. दोघींनी मिळून कितीतरी हंगाम हळद काढली, शिजवली, एका भाकरीचे दोन तुकडे करून खाल्ले. त्या पहाटे गेल्या. भीमराजला फोन आला तेव्हा आम्ही दोघी झोपलेल्या. सकाळी त्याने रिक्षा आणून दारात उभी केली आणि मला म्हणाला, आईचा चष्म्याचा नंबर बदललाय, आजच वसमतला तपासून घेऊन ये, मग डॉक्टर गावाला जाणार आहे. मला काय माहीत! आम्ही गेलो. परत आलो तोवर सगळं उरकलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी नळावर शेजारच्या पार्वतीबाईच्या तोंडून निसटलं. सासूबाई भरलेली घागर तशीच खाली ठेवून घरी आल्या. मी त्यांना इतकं शांत कधी पाहिलं नव्हतं.

"वंदना कोन म्हनलं?" त्यांनी भीमराजला विचारलं.

तो खाली बघून म्हणाला, "मोबाईलवर लावली व्हती. आवाजासाठी स्पीकरचा डब्बा आनला व्हता विहारातून."

"मंजुळा तिथं पडली व्हती," सासूबाई म्हणाल्या, "आन मी चष्म्याच्या दुकानात भिंतीवरचे अ, ब, क वाचत व्हते." आणि मग त्या रडल्या. मोठ्याने, पदर तोंडात न घालता. भीमराज धावत जाऊन पाणी घेऊन आला आणि काय म्हणाला माहितीय? "आई, टेन्शन घेऊ नको." त्या क्षणी मी त्याला काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

दुसऱ्या दिवशी सासूबाई आरोग्य उपकेंद्रात गेल्या. मला सोबत नेलं. तिथे सपना सिस्टर असते, हिंगोलीची पोरगी, बोलायला सरळ. सासूबाईंनी खुर्चीत बसल्याबसल्या दंड पुढे केला आणि म्हणाल्या, "मोज. आन मला सांग, म्या मयतीला गेले तर मरन का?"

सपना म्हणाली, "आधी लघवीला जाऊन या, मावशी. मग बोलू."

आल्यावर तिने त्यांना पाठ टेकून बसवलं. पाय जमिनीवर, मांडी घालायची नाही. पदर बाजूला करून उघड्या दंडावर पट्टा. हात टेबलावर, छातीच्या उंचीला. आणि पाच मिनिटं एक शब्द बोलायचा नाही. ही शेवटची अट सासूबाईंना सगळ्यात जड गेली. मोजून झाल्यावर थोडं थांबून तिने परत मोजलं. एकशे बावन्न, खाली चौऱ्याण्णव.

"सव्वीसनं उतरलं की!" सासूबाई म्हणाल्या. "म्हंजे मला बीपी न्हाई."

"आहे," सपना म्हणाली. "आणखी दोनदा बोलवून बघणार मी, पण दिसतंय तर आहेच. शिबिरात दाखवलं एवढं नाही. तिथे तुम्ही भांडून, मिश्री लावून, लघवी दाबून बसलेल्या. तशात कुणाचंही चढतं. आत्ता माझं मोजलं तरी चढलेलंच निघेल, सकाळपासून रडणाऱ्या लेकरांना टोचतेय."

"मंग दोन आकडे काहून? एका मानसाला एक आकडा पुरंना व्हय?"

सपनाने मूठ आवळून दाखवली. हृदय असं आवळतं, रक्त ढकलतं, तेव्हा नळ्यांवर जो जोर बसतो तो वरचा आकडा. मग मूठ सैल केली. दोन ठोक्यांच्या मधे हृदय विसावतं, तेव्हाही नळ्यांत जो जोर शिल्लक राहतो तो खालचा. वरचा एकशे चाळीसच्या आत आणि खालचा नव्वदच्या आत असावा. एकदा मोजून कुणाला पक्कं बीपीवाला म्हणायचं नाही. वेगवेगळ्या दिवशी, शांत बसून मोजायचं आणि मग ठरवायचं.

सासूबाईंनी भीमराजची मोटार सांगितली. सपना हसली नाही. "मोटार एका झटक्यात जळते," ती म्हणाली. "माणसाचं तसं नाही मावशी. जिना चढलं की चढतं, राग आला की चढतं, वाईट ऐकलं की चढतं, आणि मग आपोआप उतरतं. दिवसभर ते चालूच असतं. जे उतरतच नाही ना, झोपेतसुद्धा वरच राहतं, ते वाईट. बहुतेकांना त्याची तकलीफ होत नाही, डोकं दुखत नाही, काही कळतच नाही. वर्षानुवर्षं आतल्या आत नळ्या खराब होत जातात. मेंदूच्या, हृदयाच्या, किडनीच्या. त्याला बातमी लागत नाही."

"आन मेल्याची खबर आली तर?"

"चढेल. थोड्या वेळाने उतरेल. ज्याचं हृदय आधीच दुखणाईत आहे त्याला सांगताना जपावं लागतं, डॉक्टरला विचारून सांगावं. तुमचं तसं काही दिसत नाही. गोळी रोज घ्यायची, बरं वाटलं तरी घ्यायची. मीठ कमी, मिश्री बंद. आणि मयतीला जायचं."

पुढच्या दोन्ही खेपांनाही आकडा दीडशेच्या आसपासच निघाला. गोळी सुरू झाली. सासूबाईंनी ती मनाविरुद्ध घेतली, पण चुकवली नाही. मिश्री सोडताना मात्र आठवडाभर सगळ्या घराला छळलं.

मला वाटलं, आता सुटलो. पण भीमराज एक दिवस वसमतहून मशीन घेऊन आला. बटण दाबलं की आपोआप फुगणारं. सपनाचं बोलणं त्याने आमच्या तोंडून ऐकलं होतं, पण म्हणाला, "सिस्टरला काय, तिची थोडीच आई हाय?" आणि घरात नवा नियम निघाला. काहीही सांगायचं असलं की आधी मशीन लावायचं. आकडा एकशे चाळीसच्या खाली आला तर बोलायचं, नाहीतर उद्या.

हे किती बिनडोक होतं ते बघा. हा कामावरून यायचा, आई चुलीपुढून उठायची, पलंगाच्या कडेवर बसायची, पाय लोंबकळत, हात खाली सोडलेला. टीव्ही चालू. मशीन फुगत असतानाच हा विचारायचा, "आज गोळी घेतली का? कोनाशी भांडली तर न्हाईस?" त्या उत्तर द्यायच्या. आकडा यायचा एकशे अठ्ठावन्न. हा मान हलवायचा आणि फोन घेऊन बाहेर जायचा. त्याला बाहेर जाताना बघून सासूबाईंना वाटायचं, नक्की काहीतरी लपवतोय. दुसऱ्या दिवशी एकशे चौसष्ट.

आणि खरंच तो लपवत होता. ते मलाही माहीत नव्हतं. "बाईच्या पोटात राहत न्हाई" म्हणून त्याने मलाही सांगितलेलं नव्हतं.

सासूबाईंचा थोरला भाऊ जळबा. आम्ही त्यांना जळबामामा म्हणतो. कळमनुरीकडे त्यांचं गाव. आठवड्याच्या बाजाराला कळमनुरीत आले की चहाच्या टपरीवरून बहिणीला फोन करायचे. फोन म्हणजे काय, दोघांचं ओरडणं. बिनाफोनचंही ऐकू गेलं असतं, असं मी म्हणायची. एका बाजारी फोन आला नाही. दुसऱ्या बाजारीही आला नाही.

"मामाचा फोन बिघडलाय," भीमराज म्हणाला.

"त्याचा बिघडला तर तो दुसऱ्याच्या हातातून हिसकून घील," सासूबाई म्हणाल्या. "मी काय त्याला आज वळखते व्हय?"

त्या संध्याकाळी भीमराज जेवायला बसणार तेवढ्यात सासूबाईंनी स्वतःच मशीन आणलं. टीव्ही बंद केला. भिंतीला पाठ टेकवून खुर्चीत बसल्या, पाय जमिनीवर ठेवले, हात मांडीवरच्या दोन उशांवर ठेवून छातीच्या उंचीला आणला. पट्टा मला बांधायला सांगितला.

"भीमराज, बस इथं. पाच मिनिटं कुनी बोलायचं न्हाई."

आम्ही तिघं गप्प बसलो. मग त्यांनी बटण दाबलं. एकशे अडतीस, खाली शहाऐंशी.

"आला का तुझ्या कायद्यात?" त्या म्हणाल्या. "आता बोल. दादा कुठं हाय?"

भीमराज ताटाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "सांगितल्यावर चढंल."

"चढू दे! तू सांगत न्हाईस म्हनून चढून राह्यलं, आन चढलं म्हनून तू सांगत न्हाईस. हे किती दिस चालायचं? म्या मेल्यावर सांगशील?" आता त्यांचा खरा आवाज लागला होता. "ऐक. आपल्या आज्या-पणज्यांना गावोगाव मर्तिकाचा सांगावा न्यायला लावायचे. पायात पायतान न्हाई, उन्हातान्हात, लोकाच्या दाराबाहेर उभं राहून वरडायचं. आपल्या लोकांनी ते काम फेकून दिलं. लोकाचा सांगावा न्यायचा न्हाई म्हनलं आपन. आन आता माझ्याच रक्ताचा सांगावा मला मिळंना? माझ्याच घरात?"

"बाबा खबर ऐकूनच पडले व्हते, आई."

मला वाटलं त्या ओरडतील. पण आवाज खाली आला. "तुझ्या बापाचं डोकं त्याच्या आधी कितीतरी दिस दुखत व्हतं. डोळ्यापुढं काजवे चमकते म्हनायचा. म्या कपाळाला सुंठ लावत बसले. कुनी मोजलं का? एकदा तरी कुनी पट्टा बांधला का त्याच्या दंडाला? खबर आली तवा तो पडला, पन पाडलं त्याला खबरीनं न्हाई, पोरा. ते कधीपासून आत बसलेलं व्हतं." त्यांनी डोळे पुसले. "तू लहान व्हतास. तुला कोन सांगनार?"

मग भीमराज बोलला. जळबामामा नांदेडला दवाखान्यात होते. दोन्ही किडन्या गेल्या होत्या. त्यांना बीपी होतं हे सगळ्यांना माहीत होतं, पण मामा गोळी खिशात ठेवायचे आणि डोकं दुखलं की अर्धी मोडून खायचे. दुखत नाही म्हणजे बीपी नाही, हा त्यांचा हिशोब. मग एक दिवस पाय सुजले, लघवी कमी झाली, श्वास लागला. आता डायलिसिसवर होते.

सासूबाई ऐकत होत्या. दंडावर पट्टा तसाच. त्यांनी बटण दाबलं. एकशे चौऱ्याहत्तर. भीमराज उठून उभा राहिला, मला पाणी आण म्हणाला, रिक्षावाल्याला फोन करतो म्हणाला.

"खाली बस," सासूबाई म्हणाल्या. डोळ्यांतून पाणी चाललेलं होतं पण त्यांनी ते पुसलं नाही. पाठ टेकवली, डोळे मिटले. आम्ही बसून राहिलो. भात गार झाला. मग त्यांनी परत बटण दाबलं, आणि जरा वेळाने परत. एकशे छप्पन्न. एकशे सेहेचाळीस.

"बघ," त्या म्हणाल्या. "म्या जित्ती हाय. उद्या सकाळच्या गाडीनं नांदेड."

सकाळी आम्ही तिघं निघालो. भीमराजने मशीन पिशवीत टाकलंच. वसमतला गाडी बदलली तेव्हा सासूबाईंनी गोळी घेतली. वसमत मागे पडल्यावर तो म्हणाला, "आई, एकदा मोजून घेऊ का?"

"हादऱ्याच्या गाडीत मोजतेत व्हय रे? पिशवीतच राहू दे ते." सासूबाई खिडकीतून बाहेर बघत राहिल्या. वाटेत त्यांनी दोनदा पदराने डोळे टिपले, हे मी भीमराजला सांगितलं नाही.

दवाखान्याच्या दारातच मामांचा मुलगा बंटी भेटला. बंटी तिशीचा, दोन लेकरांचा बाप. आत्याच्या पाया पडला आणि पहिलं वाक्य हेच बोलला, "आत्या, आत काही बोलू नका बरं का. आबाला काहीच सांगितलेलं न्हाई. आठ दिवसात घरी जायचं म्हनून सांगितलंय. बीपी हाय ना त्यांना."

सासूबाई त्याच्याकडे बघत उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "डॉक्टर कुठं बसतो?"

डॉक्टर तरुण होते, घाईत होते. सासूबाईंनी विचारलं, "माझ्या भावाचं हृदय कसं हाय? त्याला खरं सांगितलं तर तो जाईल का?" डॉक्टर थांबले. म्हणाले, हृदय तसं बरं आहे. त्यांना सांगायलाच पाहिजे, पुढचे सगळे निर्णय त्यांचे आहेत, पण घरचेच नको म्हणतात. सासूबाईंनी सगळं नीट विचारून घेतलं. डायलिसिस किती दिवस, केलं नाही तर काय, केलं तर काय, घरी जाता येईल का. जे कळलं नाही ते परत विचारलं.

मामा वॉर्डात खिडकीजवळच्या खाटेवर होते. निम्मे झाले होते. बहिणीला बघून हसले, पण ओरडले नाहीत. मला त्याचंच वाईट वाटलं. बंटीची बायको म्हणाली, "बघा, आबा आता किती फ्रेश दिसायलेत." शेजारच्या खाटेजवळचा एक नातेवाईकही म्हणाला, होतंय बरं, होतंय. सगळे हसत होते.

मामांनी सासूबाईंचा हात धरला आणि जवळ ओढलं.

"सोजरे, मला काय झालंय?"

बंटी पुढे झाला, "आबा, सांगितलं ना, आठ दिवसात..."

"तुला न्हाई इचारलं," मामा म्हणाले. "हे समदे हसून राह्यले. हासनाऱ्याचं मला भ्याव वाटायलंय. तू सांग."

सासूबाई खाटेच्या कडेवर बसल्या. आयुष्यभर मेलेल्यांच्या उशाशी बसणारी ही बाई. जित्या माणसाच्या उशाशी बसून हे बोलणं त्यांनाही जड गेलं. मी त्यांच्या मागे जाऊन खांद्यावर हात ठेवला.

"दादा," त्या म्हणाल्या, "तुझ्या दोन्ही किडन्या गेल्या. बीपीनं खाल्ल्या. हे रक्त धुवायचं मशीन आता हप्त्यातून दोनदा-तीनदा लावावं लागंल. आठ दिस न्हाई, जलमभर. न्हाई लावलं तर तू थोड्याच दिसांचा. लावलं तर डॉक्टर म्हनतो वर्सं बी निघतील, पन पयल्यासारखं व्हनार न्हाई. घरी ऱ्हाता येतंय. लावायचं का न्हाई ते तू ठरवायचं."

"आत्या!" बंटी ओरडला. वॉर्डातली माणसं वळून बघायला लागली. "काय केलं हे? आता चढलं म्हंजे?"

"चढंल," सासूबाई त्याच्याकडे न बघता म्हणाल्या. "चढलेलं उतरतं, बंटी. न सांगता मानूस गेला तर ते कसं उतरवशील?"

मला वाटलं भीमराज काहीतरी बोलेल. पिशवी छातीशी धरून तो भिंतीला टेकून उभा होता, आणि रडत होता. लग्नाला इतकी वर्षं झाली, मी त्याला रडताना पाहिलं नव्हतं.

मामा वर पंख्याकडे बघत पडून होते. मग त्यांनी मान वळवून बहिणीकडे बघितलं.

"किडनीच हाय व्हय?" ते म्हणाले. "मला वाटलं क्यान्सर हाय. मला वाटलं आता काही करता येईना म्हनून नुसतं मशीन लावून ठेवलंय. रोज रात्री तुमी लाइट घालवून जायचे, आन मी इथं मरत व्हतो. रोज." मग ते खरोखरच ओरडले, टपरीवरून ओरडायचे तसे. "किडनीचंच हाय तर सांगायचं ना भाड्यांनो!"

बंटी तोंडावर हात घेऊन उभा राहिला.

"मशीन लावतो मी," मामा म्हणाले. "पन आता ये इथं. बस. डॉक्टर अजून काय काय म्हनला ते समदं सांग. पयल्यापासून."

बंटी खाटेच्या पायथ्याशी बसला आणि सांगायला लागला. सवयीने आवाज खाली घेऊन, बायकोकडे चोरून बघत, अर्धं बोलत अर्धं गिळत. मामांनी त्याच्या मांडीवर जोरात थाप मारली.

"हळू काहून बोलून राह्यला? मोठ्यानं सांग. माझंच हाय ना ते?"